जामीन होऊन पाच महिने झाले, तरी भाऊ अजून आतच आहे

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव, गाव, जेलचं नाव मी मुद्दाम काढलंय, बाकी त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"मॅडम, आम्ही पारधी समाजाचे. माझा भाऊ 22 वर्षांचा, पुण्याकडं टेम्पोवर क्लीनर होता. 10 महिन्यांपूर्वी मोटरसायकल चोरीच्या केसमध्ये पोलिसांनी उचलला. चार्जशीटवर 303(2) हे चोरीचं एकच कलम आहे, आधीची कुठलीच केस नाही. पाच महिन्यांपूर्वी जामीन झाला, 25 हजाराचा, एक जामीनदार पाहिजे म्हणाले. मामा तयार होते पण त्यांची जमीन कर्नाटकात, विजयपूर जिल्ह्यात, तर वकिलांचा क्लार्क म्हणाला लोकल माणूस आणा. आमच्यासाठी कोण उभं राहणार? वकील 30 हजार घेऊन आता फोन उचलत नाहीत. आत त्याला संडास साफ करायला लावतात, तुमच्यातल्यांचंच हे काम म्हणतात. त्याला लहानपणापासून फिट येते, गोळ्या कधी मिळतात कधी नाही. झोपायला जागा पाहिजे तर पैसे टाका म्हणून एक नंबर दिला, दोनदा टाकले. बराकीतले म्हणतात गुन्हा कबूल कर, लगेच सुटशील. तक्रार केली तर त्याला मारतील असं आईला वाटतं. आणि गावातले म्हणतात जेलमधल्याला कसले हक्क. काय करू?"

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी हे पक्कं लक्षात घ्या की तुमच्या भावाला सोडायचं असं कोर्टाने ठरवून पाच महिने झालेत. चोरी अजून सिद्ध झालेली नाही, जामीनही नाकारलेला नाही, तो आज आत आहे तो फक्त तुमच्याकडे जामीनदार नाही म्हणून, म्हणजे सरळ सांगायचं तर गरिबीमुळे. पत्र वाचून मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचाच, कारण हे व्हायला नको म्हणून सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगून ठेवलंय आणि तरी रोज होतंय.

31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने जामीन होऊनही आत राहिलेल्या लोकांसाठी सूचना काढल्या. जामिनाची ऑर्डर कोर्टाने त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलला पाठवायची, माणूस 7 दिवसांत सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं म्हणजे तिथून कोणीतरी येऊन भावाशी बोलेल, आणि महिन्याभरात बॉण्ड, म्हणजे जामिनाचं हमीपत्र, भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून बघू शकतं की अटी सैल करायच्या का. लोकल जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते म्हणून अशा केसमध्ये ती अट घालू नये असंही त्यातच आहे. आता तुम्हीच बघा, 7 दिवस कधीच गेले, महिना गेला, पाच महिने गेले, तुमच्या भावाकडे कोणी आलं का? पत्रावरून तरी दिसत नाही.

मामांच्या जमिनीचं म्हणाल तर हा वाद 1978 मध्येच निकाली निघालाय. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी होता, त्याला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला, तर खालच्या मॅजिस्ट्रेटनी 10 हजाराचा जामीन मागितला आणि त्याचा सख्खा भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. पुन्हा सुप्रीम कोर्टात गेल्यावर न्या. कृष्ण अय्यर यांनी हे खपवून घेतलं नाही, भारत एक देश आहे, दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही हे कसलं, असा त्यांचा सूर होता, आणि मोतीरामला 1 हजाराच्या स्वतःच्या बॉण्डवर सोडायला लावलं. तेव्हा विजयपूरचा उतारा चालत नाही हे क्लार्कने तोंडी सांगितलेलं तुम्ही मान्य करून बसू नका. क्लार्क म्हणजे कोर्ट नव्हे. मामांना कोर्टासमोर उभं करा, त्यांचे कागद अर्जाला लावा, नाकारायचं असेल तर जजसाहेब लिहून नाकारतील, आणि लिहून नाकारलं की सेशन्स कोर्टात जाता येतं. जामिनाची रक्कम माणसाच्या परिस्थितीला धरून असावी, अवाच्या सवा नसावी हे कायद्यातच आहे (नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 484) आणि ती कमी करायचा अधिकार सेशन्स कोर्टाला आणि हायकोर्टाला आहे.

तर अर्ज करायचा तो जामिनाची अट बदलून मागायचा. त्यात सरळ मागा की भावाला पीआर बॉण्डवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सहीवर सोडा, ते जमत नसेल तर रक्कम कमी करा, तेही नसेल तर मामांचा जामीन घ्या, आणि हे सगळं होईपर्यंत कॅश बेलवर सोडून जामीनदार आणायला मुदत द्या. आपल्याकडच्या कोर्टात कॅश बेल नेहमी देतात, त्यात रोख रक्कम कोर्टात भरायची, पावती मिळते, केस संपल्यावर पैसे परत. ही पावती जपून ठेवा, पैसे परत मागताना तीच लागते.

आणि पैसेच नसतील तर? 2023 पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आहे, सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा होती जामीन होऊनही पैशाअभावी आत असलेल्या कच्च्या (अजून शिक्षा न झालेल्या) कैद्यासाठी 40 हजारापर्यंत आणि दंड भरता येत नाही म्हणून आत असलेल्या पक्क्या कैद्यासाठी 25 हजारापर्यंत. जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी समिती असते. ड्रग्ज, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँड्रिंग, लाचलुचपत अशा केसना ती लागू नाही, साध्या चोरीच्या केसला आहे. तुमच्या भावाचे 25 हजार या मर्यादेत आरामात बसतात. ही योजना लोकांना माहीतच नसते म्हणून जास्त जोर देऊन सांगतेय, अर्जात तिचा उल्लेख कराच.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कोर्टाच्या आवारात कोणीतरी येऊन म्हणेल ताई पाच हजार द्या, जामीनदार मी उभा करतो, कागद माझे. तो माणूस दहा केसमध्ये उभा राहिलेला असतो, रेशन कार्ड खोटं, ऐपतीचा दाखला खोटा, आणि पकडला गेला की जामीन रद्द होतो आणि वर बनावट कागदपत्रांची नवीन केस लागते, आणि तुमच्या समाजाच्या मुलाच्या बाबतीत पोलिसांना निमित्त किती पुरतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

दुसरा रस्ता अजून दोन महिन्यांनी उघडतो. सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं की ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही त्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढला की कोर्टाने त्याला बॉण्डवर सोडायचं. 303(2) ला जास्तीत जास्त 3 वर्षं, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे 1 वर्ष. भावाचे 10 महिने झालेत. या कायद्यात 'बॉण्ड' म्हणजे जामीनदाराशिवायचा, स्वतःचा, त्यामुळे वर्ष भरलं की जामीनदाराचा प्रश्नच राहत नाही. आणि हा अर्ज करायची जबाबदारी कायद्याने जेल अधीक्षकांवर टाकलीय, त्यांनी लेखी कोर्टाला कळवायचं असतं. अडचण एकच, दुसरी एखादी केस त्याच्यावर चालू असेल तर या कलमाचा फायदा मिळत नाही, म्हणून आत असताना कुठल्या जुन्या चोरीत त्याचं नाव घुसवलंय का, दुसऱ्या पोलीस स्टेशनचं वॉरंट लागलंय का, हे आधी विचारून घ्या. पण दोन महिने थांबून बघू असं कृपा करून करू नका, अटी बदलायचा अर्ज आत्ताच टाका आणि 479 ची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हे सगळं करणार कोण, वकील तर फोन उचलत नाहीत. तर कस्टडीत असलेल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये हे आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पुण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, पण त्यासाठी पुण्याला जायचं भाडं खर्च करायच्या आधी तुमच्या तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते तिथे जा, नाहीतर 15100 या नंबरवर फोन करा. जेलमध्ये पण लीगल एडचे वकील येतात, भाऊ स्वतः अर्ज देऊ शकतो. जुन्या वकिलांकडून एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र, मागा, नाही दिली तर कोर्टाची परवानगी घेऊन बदलता येतं, नवीन वकीलपत्रावर भावाची सही जेलमध्येच होते. गेलेल्या 30 हजारांचं भांडण आत्ता काढू नका, पोरगा बाहेर येऊ दे.

आता संडासाचं. हे वाचून मी थांबले.

3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने नेमका याच गोष्टीवर निकाल दिलाय. सुकन्या शांता या पत्रकार ताईंनी वेगवेगळ्या राज्यांतल्या जेलमध्ये जातीवरून कामं कशी वाटली जातात ते शोधून काढलं आणि त्या स्वतःच सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं की सफाईचं काम अमक्या जातीला आणि स्वयंपाकाचं तमक्या जातीला हे घटनेच्या विरुद्ध आहे, अस्पृश्यतेचाच प्रकार आहे, जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका. आणि त्या निकालात विमुक्त जमातींबद्दल वेगळं, सविस्तर लिहिलंय. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, 1952 मध्ये ते पुसलं, सोलापूरकरांना सेटलमेंट (या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत) म्हणजे काय हे मी काय सांगणार, पण जेलच्या नियमांत 'सराईत' अशा शब्दांआडून तीच नजर टिकून राहिली होती, ती कोर्टाने काढायला लावली. या जमातीच्या माणसांना पोलिसांनी उगाच उचलू नये हेही तिथे लिहिलंय. तुमच्या वकिलांना हा निकाल अर्जाला जोडायला सांगा.

शिवाय जातीचा विषय बाजूला ठेवला तरी तुमचा भाऊ न्यायाधीन बंदी आहे, कच्चा कैदी. सक्तमजुरी शिक्षा झालेल्याला असते, कच्च्या कैद्याला कामाला जुंपता येत नाही. स्वतःची बराक सगळ्यांनी पाळीपाळीने झाडणं वेगळं आणि एकाच पोराला त्याच्या जातीवरून रोज संडासात पाठवणं वेगळं. इंग्रजांच्या 1894 च्या कायद्यातसुद्धा शिक्षा न झालेल्या कैद्याला घरचे कपडे, अंथरूण, खाणं तपासून घेऊन द्यायची मुभा होती, त्याला पक्क्यांपासून वेगळं ठेवायचं होतं, आणि वकिलाशी दुसरं कोणी ऐकणार नाही असं बोलता यायला हवं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा, गोऱ्या साहेबाचा कायदा हा.

फिटच्या गोळ्यांना सगळ्यात जास्त घाई आहे, या आठवड्यात करा. फिटच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या की जोराचा झटका येऊ शकतो, गर्दीच्या बराकीत रात्री झटका आला तर काय होईल याचा विचारही करवत नाही. जुनं प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, जे सापडेल त्याच्या झेरॉक्स काढा आणि एक अर्ज जेल अधीक्षकांना, एक जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक कोर्टात. बाहेरच्या गोळ्या गेटवर घेत नाहीत म्हणून परत फिरू नका, गोळ्या देणं ही जेलची जबाबदारी आहे, आपण फक्त आजाराचा पुरावा देतोय. कोर्ट जेलकडून रिपोर्ट मागवू शकतं, सिव्हिल हॉस्पिटलला न्यायला सांगू शकतं. आणि भावाला निरोप द्या की पुढच्या तारखेला, व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) असेल तरी, जजसाहेबांना स्वतःच्या तोंडाने सांग, साहेब मला फिट येते, गोळ्या मिळत नाहीत, संडास साफ करायला लावतात. वकिलांनी ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहून घ्यायला लावायचं. व्हीसीला शेजारी जेलचा माणूस बसलेला असतो म्हणून पोरं गप्प बसतात, तसं असेल तर प्रत्यक्ष कोर्टात हजर करा अशी मागणी करता येते.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती अर्जालाच टाचून ठेवा. तोंडी विनंत्या तुम्ही दहा महिने केल्यात, त्यातली एकही आज दाखवता येत नाही.

पैशाचं. पुढे एक रुपयासुद्धा टाकू नका. ज्या नंबरवर टाकले त्याचे स्क्रीनशॉट, तारखा जपा. भावाला कँटीनसाठी पैसे पाठवायचे तर मनीऑर्डरचा अधिकृत रस्ता आहे, त्याची पावती मिळते. सरकारी माणूस पैसे मागत असेल तर लाचलुचपत विभागाचा नंबर 1064.

आईची भीती मी खोटी म्हणणार नाही, आत असलेल्या माणसावर सूड उगवला जातो हे खरं आहे. पण गप्प राहिल्याने तो वाचतोय असं दिसत नाही ना, पैसे भरून पण संडास त्याच्याच वाट्याला आहे. 1979 मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने, ज्याला स्वतःला फाशी झालेली होती, दुसऱ्या एका कैद्याचे हाल बघून सुप्रीम कोर्टाच्या जजना चिठ्ठी लिहिली. तिथला वॉर्डर त्या कैद्याच्या भेटीला येणाऱ्या घरच्यांकडून पैसे काढायला त्याचा छळ करत होता. कोर्टाने ती चिठ्ठीच याचिका म्हणून घेतली, आणि जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवा, जिल्हा न्यायाधीशांनी येऊन कैद्यांशी बोलावं, असे आदेश दिले. तुम्ही तक्रार भावाच्या नावाने करू नका, आईच्या किंवा तुमच्या नावाने करा, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत जाऊ द्या, ते स्वतः न्यायाधीश असतात. एक प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला. अर्जात शेवटी एक वाक्य घाला की या अर्जामुळे माझ्या भावाला त्रास झाल्यास जबाबदारी निश्चित करावी. ज्या मुलाकडे कोर्ट, प्राधिकरण आणि घरचे असे तिघे बघतायत हे आत कळतं, त्याच्यावर हात टाकताना विचार होतो. तरीही मारहाण झाली तर पुढच्याच तारखेला जजना अंगावरचे वळ दाखवायचे आणि मेडिकल मागायचं.

भेटीला दर वेळी पुण्याला जाणं परवडत नसेल तर ई-मुलाखत बुक करा, मोबाईलवर व्हिडिओ कॉल होतो, गावातला सेतूवाला किंवा कॉलेजातलं पोरगं फॉर्म भरून देईल. आईला चेहरा तरी दिसेल.

गुन्हा कबूल करण्याबद्दल. बराकीतली पोरं वाईट हेतूने सांगत नाहीत, त्यांनी तसं सुटताना बघितलेलं असतं. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, मॅजिस्ट्रेट भोगलेली शिक्षा पुरे म्हणून सोडूही शकतात. पण मग तो आयुष्यभर शिक्षा झालेला माणूस, ड्रायव्हरची नोकरी मागायला गेला की पोलीस व्हेरिफिकेशनला ते निघणार, पुढे कधी कुठल्याही केसमध्ये अडकवलं तर 479 ची पहिल्या वेळची सवलत गेली, आणि पारध्याच्या पोरावर एकदा 'सिद्धदोष' शिक्का बसला की गावात पुढची प्रत्येक चोरी त्याच्या दारात येणार. त्याने केलेलं नसेल तर मुळीच नको. केलं असेल तरी वकिलाशी एकट्यात बोलल्याशिवाय नको, आणि जामीन हातात असताना तर घाई कशासाठी?

गावातल्यांना काय सांगायचं विचारता. 1960 च्या दशकात प्रभाकर संझगिरी मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध होते, आत बसून त्यांनी अणूविषयी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, महाराष्ट्र सरकारने ते बाहेर पाठवू दिलं नाही, हायकोर्टात सरकार हरलं आणि सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही 1965 मध्ये हरलं. जेलच्या अटींत जेवढं लिहून काढून घेतलंय तेवढंच गेलं, बाकीचं माणसाचंच राहतं, असा तो निकाल. आणि 2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या जेलांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. हे ऐकूनही ते बोलतच राहिले तर त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका, ती तुम्हाला अर्जासाठी लागणार आहे.

विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज मी इथेच लिहून देते, साध्या कागदावर हाताने उतरवून घ्या, टाईप करायची गरज नाही:

"मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे. माझा मुलगा (नाव, वय) (जेलचं नाव) येथे न्यायाधीन बंदी आहे. केस नंबर, कोर्ट, पोलीस स्टेशन असे. त्यास (तारीख) रोजी रु. 25,000 च्या जामिनावर सोडण्याचा आदेश झाला असून गरिबीमुळे जामीनदार देता न आल्याने तो अद्याप आत आहे. सुप्रीम कोर्टाच्या 31 जानेवारी 2023 च्या सूचनांप्रमाणे अटी शिथिल करण्यासाठी मोफत वकील द्यावा, गरीब कैद्यांच्या योजनेतून मदतीसाठी त्याचे नाव समितीपुढे ठेवावे, त्यास फिटचा आजार असून औषधे नियमित मिळण्याबाबत व जातीवरून सफाईचे काम लावले जात असल्याबाबत जेलला भेट देऊन चौकशी करावी. सोबत जामिनाच्या आदेशाची व दवाखान्याच्या कागदांची प्रत."

खाली आईची सही, नाहीतर अंगठा चालतो, अंगठ्याशेजारी तुमची साक्षीदार म्हणून सही आणि मोबाईल नंबर. जामिनाच्या आदेशाची प्रत तुमच्याकडे नसेल तर त्यासाठी थांबू नका, केस नंबर लिहिला तरी प्राधिकरण ती कोर्टातून काढून घेतं.